काट्याचं काय चुकलं?

मित्रांनो, मी बाळांचं वजन करणारा एक जुना काटा आहे आणि मी रागावलेलो आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

लोखंडी पाय, वर बाळाला निजवायचं पांढरं तबक आणि आकड्यांच्या पट्टीवर सरकणारं पितळी वजन, असा माझा देह. कारखान्यातून निघालो तो थेट या दवाखान्यात आलो. बावीस वर्षं बाळं तोलली. कुणी रडलं, कुणी माझ्यावरच शू केली. पण मी कधी खोटा आकडा दाखवला नाही. सिस्टर म्हणायच्या, "याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा."

मग ती आली. शिवणकाम करणारी, पहिलटकरीण, सोबत सासूबाई. बाळ दोन महिन्यांचं. मी दाखवलं, चार किलो. पंधरा दिवसांनी पुन्हा चार किलो. आणखी पंधरा दिवसांनी तर दीडशे ग्रॅम कमीच! सिस्टरनी तिन्ही आकडे कार्डावर लिहिले. डॉक्टरसाहेबांनी कार्ड पाहिलं आणि बाजूला सारलं.

"दूध पिताना घामाघूम होतं हो," आई दर खेपेला सांगायची. "दोन घोट घेतं, पांढरंफटक पडतं आणि कळवळून रडतं."

"गॅस होतो पोटात. तुम्हाला नीट पाजता येत नाही, शिकून घ्या."

ती मान खाली घालायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण काट्याला तोंड कुठे असतं?

तोंड सासूबाईंना होतं. तिसऱ्या खेपेला त्यांनी खुर्ची ओढून दारातच ठाण मांडलं.

"माझी सून नीट पाजते, मी रोज बघते. आज तुम्ही बघा. त्याशिवाय मी हलायची नाही."

"बाहेर रांग लागलीय, आजी."

"लागू दे. तेही लेकुरवाळेच आहेत, थांबतील."

डॉक्टर चडफडत बसले आणि आईनं बाळाला पाजायला घेतलं. दोन मिनिटांत बाळाच्या कपाळावर घाम डवरला, ओठ पांढरे पडले. मग डॉक्टरांचा चेहराही पडला. घाईघाईनं हृदयाचा आलेख काढला. म्हाताऱ्या माणसाला झटका आल्यावर दिसाव्यात तशा रेषा, तीन महिन्यांच्या जिवाच्या!

पुढचं मी सिस्टरच्या तोंडून ऐकलं. हृदयाला स्वतःला रक्त पुरवणारी एक धमनी जन्मापासूनच चुकीच्या जागी, फुप्फुसाकडे जाणाऱ्या नळीला जोडलेली होती. लाखांत एखाद्यालाच असं होतं. बिचारं हृदय उपाशीपोटी राबत होतं. मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करून धमनी योग्य जागी जोडली. बाळ वाचलं. पण वाया गेलेल्या त्या महिन्यात हृदयाचा एक भाग कमजोर झाला तो झालाच. औषधं चालूच राहणार आहेत.

मग चौकशी आली. उशीर का झाला? डॉक्टरांनी लिहून दिलं, "वजनकाटा जुना व सदोष."

सदोष! मी!

काटे दुरुस्त करणाऱ्या कारागिरानं प्रमाणित वजनं ठेवून मला तपासलं. "हा तर ठणठणीत आहे," तो म्हणाला.

"कागद वर गेलाय आता," कारकून म्हणाला. "ठेव अडगळीत."

सिस्टर भांडल्या, पण त्यांचं कोण ऐकतो!

मित्रांनो, मला पुसा, तेलपाणी करा, असं काही मी मागत नाही. खुशाल गंजू द्या मला. पण आई काही सांगत असेल, तर हातातलं काम ठेवा आणि तिच्या मांडीवरच्या बाळाकडे नीट बघा. आणि तेवढंही जमलं नाही, तर चूक आपली म्हणा. काट्याच्या माथी मारू नका.