रंगाऱ्याच्या खिशातला बाजा

मी तोंडाने वाजवायचा बाजा आहे. फुंकल्याशिवाय माझा आवाज निघत नाही, पण आज मला राहवत नाही. माझ्या रंगाऱ्याबद्दल मी नाही बोललो तर कोण बोलणार? त्याचा धाकटा भाऊ बोलायला बसला की दोन शब्दांत उठून ब्रश धुवायला लागतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. आत पितळेच्या पातळ पट्ट्या, वर चकचकीत पत्रा, ओठांसमोर एका रांगेत छोटी छोटी घरं. तिथून मी एका दुकानाच्या काचेच्या कपाटात येऊन पडलो. रंगारी त्या दुकानाला रंग द्यायला आला होता. माझ्याकडे बघता बघता त्याने एकच फळी दोनदा रंगवली.

"वाजवता येतं का?" दुकानदाराने विचारलं.

"नाही. पण हा शिकवेल की," तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला.

आणि मी शिकवलं हो! महिनाभर नुसती केकाटाकेकाटी चालली होती. त्याची बायको कानात बोटं घालून भाजी चिरायची म्हणे, हे तिचंच म्हणणं. दोन्ही एकदम कसं जमायचं ते तिलाच ठाऊक. पण तो हटला नाही. रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं दुसऱ्या दिवशी शिडीवर बसून वाजवू लागला.

कामातही त्याने मला जागा करून दिली. भिंतीला पहिला हात मारला की ती सुकेपर्यंत थांबावं लागतं. बाकीचे रंगारी तेवढ्यात बिडी ओढत, नाहीतर पेंगत. हा मला खिशातून काढायचा. एकदा एक घरमालकीण कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कामाला आलायस की गाण्याला?"

"बाई, ओल्यावर दुसरा हात मारला तर पापुद्रे निघतील. भिंतीला सुकू द्या, तोवर मला वाजवू द्या."

बाई तिथेच बादली उपडी करून बसल्या. दुपारी त्यांनीच विचारलं, "अजून एखादी भिंत सुकायची आहे का रे?"

एकदा छत रंगवताना त्याने मला खाली फळीवर ठेवलं होतं. वरून पांढऱ्या तेलरंगाचा थेंब पडला तो नेमका माझ्या पाचव्या घरात. आतली पट्टी चिकटली. त्या दिवसापासून माझं पाचवं घर मुकं झालं.

दुसरा कोणी असता तर चिडला असता. याने काय करावं? गाण्यात ते घर आलं की श्वास रोखायचा आणि हातातल्या ब्रशचा दांडा डब्यावर आपटायचा. टक्! की गाणं पुढे चालू.

धाकट्याला हे मुळीच खपायचं नाही. तो मोठ्या भावाच्याच हाताखाली काम शिकलेला, डोक्याने तापट. "दादा, लोक हसतात. आण इकडे, थिनरने साफ करतो."

"करू रे सुट्टीच्या दिवशी."

पण सुट्टीचा दिवस घरच्यांचा असायचा. त्यांचं घर बघण्यासारखं होतं. उरलेल्या रंगातून त्याने खिडकी पिस्ता केली होती, दार जांभळं, मोरीची भिंत गुलाबी. "हे घर आहे की शेडकार्ड?" बायको म्हणायची, आणि नव्या रंगाला जागा पण तीच दाखवायची. संध्याकाळी तो रॉकेलने हात पुसून बसला की त्याची लेक, तिला सगळे बुटकी म्हणायचे, त्याच्या अंगावर आजचा रंग शोधायची. "कानामागे पिवळा!" सापडला की बक्षीस म्हणून गाणं. मुक्या घराच्या जागी बायको पातेल्यावर डाव आपटायची, बुटकी दारावर मूठ. टक्! त्या घरात सगळी गाणी अशीच म्हटली जायची.

मग एका दुपारी त्याच्या छातीत कळ आली. अर्धी भिंत रंगवून झाली होती. तो खाली बसला तो उठलाच नाही. असं कोणी जातं का? भिंत ओली होती हो!

त्याचा कामाचा शर्ट कोणीतरी धुवायला टाकला, तेव्हा धाकट्याने तो हिसकावून घेतला. "हात लावायचा नाही!" खिशात मी होतो.

काही दिवसांनी सकाळीच तो मला घेऊन बसला. दादाचं एवढं काम तरी पुरं करायचं, असं त्याने मनात घेतलं होतं. माझे स्क्रू काढले, थिनरमध्ये कापूस बुडवला, दात-ओठ खात तो थेंब खरवडला. पाचवं घर मोकळं झालं. त्याने वहिनीला आणि बुटकीला समोर बसवलं आणि दादाचं लाडकं गाणं वाजवलं. अख्खं. माझा सूर लख्ख लागला.

"काका, चुकलं," बुटकी म्हणाली.

"चुकलं कुठे? आता तर नीट झालंय."

"टक् कुठंय? हे बाबांचं नाही!" ती रडत जांभळ्या दारामागे जाऊन बसली.

धाकट्याचा चेहरा पडला. दुसऱ्याच क्षणी तो उठला, पांढऱ्या रंगाचा डबा उघडला आणि काडीने तावातावाने ढवळू लागला.

"भावजी, हे काय?"

"थेंब परत घालतो. दादाचं उरलंसुरलंही मीच पुसलं, वहिनी. मीच!"

वहिनीने त्याच्या हातातली काडी काढून घेतली. "थेंब काय, छतावरून पडला होता. टक् मात्र तुमच्या दादाने घातलं होतं. ते कुठल्या थिनरने जातंय?"

 त्याने डब्याला झाकण लावलं आणि मला ओठांशी धरलं. पाचव्या घराशी त्याने श्वास रोखला आणि ब्रशचा दांडा झाकणावर आपटला. टक्! पुढच्या वेळी पातेलं वाजलं. त्याच्या पुढच्या वेळी जांभळ्या दारामागून मूठ वाजली.

आता मी धाकट्याच्या खिशात असतो. ती अर्धी राहिलेली भिंत त्यानेच पुरी केली. माझं पाचवं घर बोलू शकतं, पण मी ते गप्प ठेवतो. खुशीने ठेवतो.

एवढंच मागणं आहे. कुठे रंगकाम चाललेलं असेल आणि गाणं मध्येच अडल्यासारखं वाटलं, तर हसू नका. हातात किल्ली असेल, छत्री असेल, जे असेल ते कठड्यावर आपटा. पुढचं टक् तुम्ही द्या.