इवायाची खिडकी

मोताळ्याहून बुलडाण्याला लग्नाच्या कापडांचा बस्ता बांधायला निघालेली जीप राजूर घाटात अडकली. पुढे दरड आडवी. मागे फिरावं, तर मघाच्या वळणावरही दरड. मधल्या तुकड्यात ही एकटीच गाडी, आणि वरून पाऊस कोसळतोय.

"गाडी डोंगराले चिटकव," पंजाबराव म्हणाले. "दरीकडं काऊन ठेवतं बे?"

ड्रायव्हर गजेंद्रने ती अशी चिटकवली, की डावं दार उघडायची सोयच उरली नाही. घाटात माणूस भितो तो दरीला. डोंगर म्हणजे जणू घरचा.

डाव्या दाराशी नवरी अश्विनी, मधे तिची आई सिंधूताई, आणि उजव्या दाराशी नवरदेवाचे वडील, म्हणजे सिंधूताईंचे इवाई, पंजाबराव. तंबाखूचा खर्रा थुंकायला त्यांना खिडकी लागते. इवायाच्या रुसव्यांचा सिंधूताईंच्या मनात चोख हिशेब होता. चहा गार आला, तेव्हा अबोला. टॉवेल हलका निघाला, तेव्हा पाटावरून उठण्याची धमकी. आता जागेवरून उठा म्हणणं म्हणजे लग्न मोडणंच.

काचा वाफेने आंधळ्या झाल्या होत्या. अश्विनीने ओढणीने आपली पुसली. हातभरावर डोंगर. खाली काळा दगड, वर लाल मुरूम, दोहोंच्या सांध्यातून पाणी झिरपत होतं.

"आई, पाणी आता लाल येऊन राह्यलं."

सिंधूताई काचेशी झुकल्या. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या विहिरीचा काठ असाच गेला होता. मुरूम पाणी पिऊन जड होतो, खालचा दगड थेंबही पीत नाही. मग सांधा निसरडा होऊन वरचं सगळं ओझं घसरतं. आधी पाणी गढूळ होतं, मग खडे सुटतात.

टपावर खडा वाजला.

"इवाईबुवा, उतरा लागते."

"या पावसात? रस्ता मोकळा कराले मशीन येईन. बसा गुमान."

"पाणी लाल झालं. तुमच्याही वावरात विहीर हाय."

पंजाबरावांनी वाकून पाहिलं. त्यांना कळलं, तोंडातला खर्रा थेट गिळला गेला. पण मुलीकडच्या बाईच्या सांगण्यावरून उठायचं?

"उतरायचं तवा मी सांगीन," म्हणत त्यांनी गुडघे दाराशी रोवले.

गजेंद्र आपल्या दाराने केव्हाच उतरला होता. बाहेरून ओरडला, "ताई, वरचं झाड वाकून राह्यलं!"

सिंधूताईंनी इवायाच्या मांडीवरून हात घालून दार उघडलं आणि "उठा!" म्हणत खांद्याने असा रेटा दिला, की पंजाबराव थेट चिखलात. मग लेकीला ओढत आणि इवायाला दंडाला धरून त्या पुढे पळाल्या, जिथे वर मुरूम नव्हता, नुसता काळा कातळ होता.

मागे जातं फिरल्यासारखी घरघर झाली. गवतासकट, झाडासकट डोंगराचा पट्टा खाली बसला. अश्विनीची खिडकी कुठे होती, तेही दिसेना.

चौघं कातळाला टेकून बसले.

"मले ढकललं," पंजाबराव म्हणाले. "पोरीले आत्ताच सांगून ठेवा, इहीनबाई. आमच्या घरी मोठ्या माणसाले असं उठवत नाहीत."

लग्न मोडलं, असं सिंधूताईंनी धरूनच टाकलं. उत्तर अश्विनीने दिलं.

"नाही उठवणार, मामाजी. पण डोंगर येऊन राह्यला असला, तर मी आईवानी विचारत नाही बसणार. आधी ढकलीन."

गजेंद्रने हसू लपवायला तोंड फिरवलं. पंजाबराव ताडकन उठले, तरातरा मोताळ्याकडे निघाले, गाडलेली जीप पाहून थबकले. वळून बुलडाण्याकडे निघाले. तिकडेही दरड. रुसून जायलासुद्धा रस्ता नव्हता.

ते परत आले. कातळाखाली कोरडी जागा जेमतेम होती.

"सरक थोडी," ते सुनेला म्हणाले.