रविवारची सही

रेवदंड्याच्या अंगणात कोकिळा सुकट वाळत घालत होती. शेजारी कुणीतरी पत्रा ठोकायला घेतला आणि तिचा हात जागीच थांबला. चार दिवस हे असंच चाललं होतं. दाराची कडी वाजली तरी ती हातातलं काम टाकून उभी राहायची.

परदेशी बायकांना ठेवायच्या स्थानबद्धता केंद्रात ती पहारेकरीण होती. कागदांची मुदत संपलेल्या तिघी तिथे मायदेशी धाडण्याची वाट बघत होत्या. चोरीमारी कुणीच केली नव्हती. बाई कर्मचारी हजर असल्याशिवाय त्यांच्या खोलीचं कुलूप काढायचं नाही, असा नियम होता आणि तो चांगलाच होता. पण रविवारी बदलीची बाई कधी कुणी नेमलीच नाही. म्हणून कोकिळा शनिवारीच रविवारच्या हजेरीची सही मारून ठेवी. सगळ्यांना ते ठाऊक होतं.

त्या रविवारी भाच्याचा साखरपुडा होता. कोकिळा नवरीची ओटी भरत असताना इकडे केंद्रात त्या तिघींपैकी पाच महिन्यांच्या गरोदर रुकैयाला रक्तस्राव सुरू झाला. सोबतच्या दोघी दुपारपर्यंत दार बडवत राहिल्या. बाहेर पहारेकरी हिरामण नुसता येरझाऱ्या घालत होता. बाईशिवाय दार उघडलं तर आपल्यावरच बालंट येईल, या धास्तीने तो कोकिळाला फोन लावत बसला. मांडवात बेंजो जोरात वाजत होता, तिला फोन ऐकूच आला नाही. बाईला जपणाऱ्या नियमानेच रुकैयाचा जीव गेला, हे लिहिताना लाज वाटते.

आज चौकशी होती. पर्यवेक्षक शिवदासने कोकिळाला आधीच बाजूला घेतलं.

"कोकिळाताय, सही हाय ना तुझी? मंग तू तिथं होतीस. रुकैया काय बोललीच न्हाय, एवढंच सांग. नोकरी ऱ्हाईल."

"आनि येत्या रविवारी?"

"ते मंग बघू."

"त्या दोघी अजून आतच हायेत, साहेब."

चौकशीला आलेल्या नेत्रा मॅडमसमोर ती उभी राहिली.

"सही माझी हाय. पन मी न्हवते. दोन वर्सं रविवारी तिथं एकबी बाई नसते."

"नोकरी जाईल. गुन्हाही दाखल होईल तुमच्यावर."

"होऊ दे. पन लिवा."

मॅडमनी हजेरीवहीची मागची पानं उलटली. प्रत्येक रविवारी कोकिळाची सही होती आणि प्रत्येक महिन्याखाली वही तपासणाऱ्याची. त्यातल्या तीन सह्या त्यांच्या स्वतःच्या होत्या. मग जबाबदार व्यक्तींच्या रकान्यात त्यांनी कोकिळाचं नाव लिहिलं आणि त्याच्या खाली आपलं.