कार्यालयीन वेळेत

आवडी दासगावची. गेली वीस वर्षं ती महाडात आमच्या दारावर तिसऱ्या विकायला येते. ओहोटीला खाडीत वाळूमिश्रित चिखलाचा एक पट्टा उघडा पडतो, त्यात या शिंपल्या पुरलेल्या असतात. दासगावच्या बायका त्या पायाने चाचपून शोधतात. पुरुष होडी आणि जाळं घेऊन जातात. अलीकडे जाळ्यात फारसं काही येत नाही, पण त्यामुळे कोणी त्यांना मच्छीमार म्हणायचं थांबवलेलं नाही.

मार्चमध्ये एकदा तिने टोपली उतरवली, पण तिसऱ्या मोजायला घेतल्या नाहीत. म्हणाली, "जहांगीरचाचा, एक अर्ज लिवायचा हाय."

मी चौतीस वर्षं वाचनालयात काढली, त्यामुळे मला अर्ज चांगले लिहिता येतात असा लोकांचा समज आहे. तो दूर करायचं धैर्य मला कधी झालं नाही.

नदीतला गाळ काढणारी यंत्रं आता दासगावकडे येणार होती. नकाशात आवडीचा पट्टा गाळ म्हणून रंगवला होता. मासेमारीच्या जागा वगळायच्या होत्या, पण त्या जागांची यादी मच्छीमारांच्या सोसायटीने दिली होती. सोसायटीत होडीवाल्यांनाच घेतात आणि होड्या पुरुषांच्या नावावर असतात. यादीत पट्टा नव्हता. तो खणला गेला की बत्तीस बायकांचं काम संपणार होतं. आवडीला नवरा नाही, तिचं तर सगळंच त्या पट्ट्यावर होतं.

सोसायटीचा चेअरमन दत्ताराम तिला म्हणाला होता की बायका मासे धरत नाहीत, नुसत्या वेचतात. आवडीने त्याला विचारलं होतं, "मग काल तुझ्या बायकोनं येचलेलंच जेवलास ना रे?" त्यावर तो होडीची दोरी सोडवत बसला. दोरी आधीच सुटलेली होती.

मी आवडीला एक गोष्ट सांगितली नाही. एकवीसच्या पुरात आमच्या घरात खांद्याइतकं पाणी आलं. पुस्तकांचे खालचे तीन कप्पे लगदा होऊन बाहेर काढावे लागले. नंतर आमच्या आळीने नदीतला गाळ काढावा म्हणून निवेदन दिलं, ते मीच लिहिलं. त्यात 'सर्व गाळ' असे शब्द होते. 'सर्व' मी मागाहून घातलं, वाक्य जरा भरीव वाटावं म्हणून.

अर्जाचा नमुना आवडीने आणलाच होता. त्यात एक रकाना होता, मासेमारीचे साधन. मी तिला विचारलं.

"पाय," ती म्हणाली.

मी थोडा वेळ विचार केला आणि 'इतर' असं लिहिलं.

जागेची पाहणी व्हावी अशी विनंती करायची होती. आवडी म्हणाली, अमावास्येला सकाळी आठला बोलवा, उधाणाच्या ओहोटीलाच पट्टा पुरता उघडा पडतो. अष्टमीच्या सुमाराला ओहोटी दुपारी असते, साहेबलोकांच्या सोयीची, पण ती भांगाची. तेव्हा पाणी पुरतं उतरतच नाही. हे तिने मला दोनदा समजावलं. मला ते पहिल्यांदाच समजलं होतं. तरी अधिकाऱ्याला सकाळी आठ वाजता चिखलात बोलावणं मला उद्धटपणाचं वाटलं. मी लिहिलं, 'अमावास्येच्या दिवशी, कार्यालयीन वेळेत.'

अमावास्येला बारा वाजता अधिकारी आल्या. शर्मिला मॅडम म्हणून होत्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. सोबत फाइल आणि छत्री. दत्तारामने आम्हाला होडीतून नेलं. खाडी काठोकाठ भरली होती आणि फार सुंदर दिसत होती. आवडीने पाण्याकडे बोट दाखवून सांगितलं की पट्टा इथे आहे. मॅडमनी वाकून पाहिलं. दत्तारामने बांबू खाली सोडला, तो सगळा आत गेला.

"इथे तर नुसतं पाणी आहे," मॅडम म्हणाल्या आणि लिहायला लागल्या.

आवडी माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. माप कमी भरलं की गिऱ्हाईक जसं बघतं, तसं.

मी म्हणालो, "मॅडम, चूक माझी आहे. या बाईंनी आठची वेळ सांगितली होती. मी बदलली."

"का?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून."

त्यांनी पेन थांबवलं. आठ वाजता मुलीला शाळेत सोडायचं असतं, त्या म्हणाल्या, त्यामुळे त्रास झालाच असता. मग मोबाइलवर कॅलेंडर काढून आवडीला विचारलं की पुन्हा कधी. आवडी बोटं मोजून म्हणाली, पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, पावणेनऊला. तो रविवार निघाला. मॅडमनी लिहिलेलं पान फाडलं आणि मला नवा अर्ज द्यायला सांगितलं. मी तो होडीतच लिहिला. 'कार्यालयीन' हा शब्द कुठे वापरला नाही.

त्या रविवारी पट्टा उघडा होता. मला वाटलं होतं त्यापेक्षा बराच मोठा. त्यावर बायका पसरल्या होत्या, सगळ्या खाली न बघता चालत होत्या. तिथे होडी जात नाही, त्यामुळे दत्ताराम काठावर उभा राहिला. मॅडमनी चपला हातात घेतल्या. मीही पायजमा दुमडला. मला काहीच लागेना. आवडी म्हणाली, "चाचा, टाच दाबा, बोटं नका." टाच दाबली तसं काहीतरी कडक लागलं. हात घालून काढलं तर तिसरीच होती. आवडीने ती घेतली, बघितली आणि परत चिखलात टाकली.

"बारीक हाय. अजून वाढू दे."

पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून माझं नाव लिहिताना मॅडम थांबल्या. फाइल उलटून त्यांनी मागचा एक कागद काढला. आमच्या आळीचं निवेदन होतं.

"दोन्हींचं अक्षर एकच आहे."

मी हो म्हणालो.

"मग तुम्हाला नक्की काय हवंय? हा पट्टा राहिला तर पाणी तुमच्याकडे तुंबेल, असं यात तुम्हीच लिहिलंय."

आवडी ऐकत होती. मला काय हवं होतं ते मला नीट सांगता आलं नसतं, आजही येणार नाही. मी म्हणालो, "पहिल्यात 'सर्व' हा शब्द जास्त झालाय. तो काढता येईल का?"

दाखल कागदात खाडाखोड चालत नाही, त्या म्हणाल्या. पण पंचनाम्यात पट्टा मासेमारीची जागा म्हणून लिहिला. साधनाच्या रकान्यापाशी त्यांनी मान वर केली. या वेळी मी आवडीकडे न बघता सांगितलं, "पाय."

त्यांनी तसंच लिहिलं.

घरी आल्यावर मी कपाटाच्या चौथ्या कप्प्यातली पुस्तकं पाचव्यात चढवायला घेतली. खालचे तीन पुरापासून रिकामेच आहेत. बायकोने, बदरुन्निसाने, विचारलं, पावसाळ्याला अजून अवकाश आहे, चैत्रातच हे काय काढलंत. मी म्हटलं, जरा हवेशीर राहतील. तिने माझ्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं आणि आधी पाय धुवायला सांगितलं.