चंगीजखानाच्या फौजेत मैना

अंबडच्या वाटेवर, अंतरवालीच्या पल्याड, एक उघडाबोडका माळ आहे. कुसळं, मुरूम आणि वारा. गुरंसुद्धा तिथं नाइलाजानं जायची. पण त्या हिवाळ्यात मुंबईचा एक सिनेमावाला जीपमधून उतरला, त्यानं डोळ्यांवर हात आडवा धरून चहूकडं पाहिलं आणि म्हणाला म्हणे, हाच मंगोलांचा मुलूख. मोठा दुष्काळ नुकता सरलेला, कणग्यांत पुन्हा ज्वारी आलेली, माणसांना हसायला फुरसत झालेली. अशात माळावर गोलगोल केसाळ राहुट्या उभ्या राहिल्या आणि पंचक्रोशीला दुसरा विषयच उरला नाही. चंगीजखान आलाय!

चांगुणाबाईनं पहाटेच्या दळणात त्याची ओवीच करून टाकली :

माळावं उठली गं। धूळ तांबडी आभाळा
कोण्या मुलखीचा खान। आला आमच्या शिवाराला

जात्याच्या घरघरीतून ती ओवी गोठ्यापर्यंत गेली. तिथं तिचा नवरा पुंजाराम मैनेला खरारा करत होता.

मैना म्हणजे त्याची घोडी. सायीसारखी पांढरी, कानांच्या टोकांना तेवढी काळी. लग्नसराईत जालन्यापासून अंबडपर्यंत नवरदेव मिरवायचा तो मैनेवरच. पाठीवर झूल, कपाळावर तुरा, पायांत घुंगरू. हलगी कडाडली की मैना मान वाकवून असं नाचायची की लोक नवरदेवाला विसरायचे. पुंजाराम लगाम धरून पुढं. पण पुंजारामाला ठाऊक असलेली मैना निराळी होती. पहिला नवरदेव पाठीवर बसायच्या आधी, शिंगरू सरून ती घोडी झाली तेव्हा, दुधना नदीच्या कोरड्या पात्रात त्यानं तिला पळवली होती. वाळू मागं राहायची नि वारा पुढून फाटायचा. त्यानंतर नाही. ज्या पाठीवर नवरदेव बसतो तिच्यावर मालकानं बसू नये, हा त्याच्या बापाचा दंडक. तेव्हापासून मैनेनं पळणं सोडलं आणि जगानं तिचा नुसता नाच पाहिला.

म्हणून, खानासाठी आणलेला मुंबईचा घोडा ट्रकमधून उतरताना पाय मुरगाळून बसला आणि सिनेमावाले मैनेला बघायला दारात आले, तेव्हा पुंजारामाच्या मनात एकच गोष्ट भरली. मैना पळताना जगानं बघावी. एवढंच. खानाखाली का होईना.

सकाळी माळावर जत्राच भरली. आसपासच्या गावांतली लग्नाची सगळी घोडी फौजेत होती. त्यांच्यावर तांबड्या डोळ्यांची, केसाळ टोप्यांची, डिंकानं मिशा चिकटवलेली मंगोल सेना. त्यात निम्मे अंतरवालीचेच गडी. एकाची मिशी घामानं सुटून ओठावर लोंबत होती. बांधावर बायका, म्हातारे, भाकरी बांधून आलेली पोरं. खानाचं काम करणारा नट मोठा रुबाबदार. मैनेवर बसला तर खरोखर अर्धी पृथ्वी जिंकून आल्यासारखा दिसला. दिग्दर्शक साहेबांचा मदतनीस श्रीपती मूळ औरंगाबादेचा, साहेबांची हिंदी तो मराठीत सांगत हिंडे. त्यानं समजावलं की नगारा वाजला की फौज सुटेल, उतारावरून थेट कॅमेऱ्याच्या अंगावर येईल आणि शेवटच्या घटकेला बाजूला वळेल.

नगारा वाजला.

मैनेनं कान टवकारले, मान कमानीसारखी वाकवली, उजवा पाय उचलला आणि नाचायला लागली. तिला बघून तिच्या मागची सगळी घोडी नाचू लागली. अर्धी पृथ्वी जिंकलेली ती फौज ठुमकत ठुमकत उतारावर आली. त्यात भर म्हणून फौजेतले घोडीवाले सवयीनं धावत पुढं गेले आणि आपापल्या मंगोलाचा लगाम धरून वरातीसारखे चालू लागले. बांधावर शिट्ट्या उठल्या. एका म्हातारीनं तर ओच्यातली ज्वारी मूठभर खानावर उधळली.

साहेबांनी टोपी जमिनीवर आपटली.

नगारा बंद झाला. घोडीवाल्यांना राहुटीमागं पिटाळलं. पुन्हा सगळे उतारावर चढले. आता नुसती शांतता, आणि खानाची टाच. पण मैना हललीच नाही. नटानं टाच मारली, लगाम झटकला, शिवीही दिली. ती मान वळवून पुंजारामाला शोधत राहिली. तिच्यापुढं पुंजाराम चालत नाही असं जग तिनं वर्षानुवर्षं पाहिलंच नव्हतं. तिच्यामागची फौजही दगडासारखी उभी.

श्रीपती राहुटीमागं आला. त्याचा चेहरा पडला होता. साहेब पुण्याहून रेसची घोडी मागवताहेत, तो म्हणाला. ही परत न्यायला सांगितलीत. पुंजाराम खाली बघत उभा राहिला. मैना घरी जाईल, तिच्यावर पुन्हा झूल चढेल, आणि दुधनेच्या पात्रातली ती घोडी आपल्याबरोबरच मरेल.

इतका वेळ बांधावर बसलेली चांगुणाबाई पदर खोचत आली.

"तुमीच बसा की तिच्यावं," ती म्हणाली.

"येडी का काय? बापाचा सबूद हाय."

"सबूद नवरदेवाचा हाय. हितं कोण नवरदेव आलाय?" तिनं नटाकडं हात केला. "त्यो खान हाय. लुटायला आलाय, लगीन लावायला न्हाई."

पुंजाराम वळून मैनेकडं बघू लागला.

"आन् आपल्या लग्नात," चांगुणाबाईनं आवाज खाली आणला, "तुमच्या बापानं तवाची घोडी दुसऱ्याच्या वरातीला धाडल्ती. तुमी पायी आल्ते, धुळीनं भरून. म्या कधी बोलले न्हाई. आज बोलते. बसा."

श्रीपती पळत साहेबांकडं गेला. हात हलवून हलवून काही सांगितलं. साहेबांनी पुंजारामाला वरून खाली न्याहाळलं, त्याची उंची नटाशी जोखली आणि कपडेवाल्याला खूण केली. लांबून खान दिसला म्हणजे बस, जवळचे फोटो नटाचे घेऊ, असं श्रीपतीनं येऊन सांगितलं.

लोकरी अंगरखा अंगावर चढला. टोपी कानांवर बसली. डिंकाच्या मिशीनं त्याला शिंक आली. बांधावरून पुतण्या साहेबरावानं हाक दिली, "काका, अंबड लुटू नका, आमची सोयरीक हाय तिथं," आणि सगळा माळ हसला. पुंजारामाच्या कानांत मात्र काहीच शिरत नव्हतं. त्यानं मैनेच्या मानेवर हात ठेवला. मग रिकिबीत पाय घातला.

त्याचं वजन पाठीवर आलं तशी ती एकदा शहारली. कान मागं वळले. ती पाठ त्याला ओळखत होती. इतकी वर्षं हळद-गुलालाखाली गप्प राहिलेली पाठ.

"जल्दी कर माय," तो एवढंच म्हणाला.

मैना सुटली.

पहिल्या दहा हातांतच पुंजारामाच्या डोळ्यांना पाणी आलं, वाऱ्यानं की कशानं कोण जाणे. माळ खालून सरकू लागला, कुसळांची सोनेरी चादर कुणी ओढून घ्यावी तसा. मागं गडगडाट झाला, कारण मैना गेली म्हणताच सगळी घोडी तिच्यामागं उधळली. वरची माणसं मंगोल होती की अंतरवालीची, हे आता त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. टोप्या उडाल्या. धूळ उठली. कॅमेरा समोरून वाढत आला, त्याच्यामागचा माणूस जागचा हलला नाही, आणि मैना इतकी जवळून वळली की साहेबांच्या सदऱ्याची टोकं उडाली.

साहेब ओरडले, थांबा, झालं, मिळालं. श्रीपतीनं शिट्टी फुंकली. फौज थोड्या अंतरावर जाऊन विखुरली, फुरफुरत परत फिरली. मंगोल एकमेकांना पाठीवर थापा मारत उतरू लागले. साहेबांनी श्रीपतीला मिठी मारली, मग कॅमेरावाल्याला, मग मिशी लोंबणाऱ्या त्या गड्यालाही.

खान मात्र परत आला नव्हता. माळाच्या टोकाशी, जिथून जमीन दुधनेकडं उतरते, एक पांढरा ठिपका अजून पळत होता.

श्रीपती घाबरला. घोडी उधळली काय, जीप पाठवू काय, असं चांगुणाबाईला विचारत राहिला.

तिनं कपाळावर हात आडवा धरून त्या ठिपक्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर ऊन पडलं होतं.

"उधळली न्हाई," ती म्हणाली. "पळू द्या. येतील मंग."