साठ शब्दांचा डबा

तुमच्या पोटातलं कुणी रोज एकेक करून काढून नेतंय, आणि तोंड असूनही तुम्हाला हाक मारता येत नाही, असं कधी झालंय का तुमचं?

माझं झालंय. मी एक पत्र्याचा डबा बोलतोय. गोल, तळहाताहून थोडा मोठा, झाकणावर अर्धवट पुसलेलं गुलाबाचं फूल. आजही कुणी झाकणाला हात लावला की आधी माझ्या पत्र्यात बारीक थरथर उठते. आता काय नेणार, असं वाटतं.

तसा मी जन्मापासूनच भित्रा. कारखान्यात साच्याचा दणका डोक्यावर बसला, तो अजून आठवतो. माझ्यात खोकल्याच्या गोळ्या भरल्या. गोळ्या संपल्यावर मी कचऱ्यात जाणार होतो, माझ्या बरोबरीचे गेलेही. मला एका शाळेतल्या बाईंनी उचललं, गरम पाण्याने धुतलं आणि उन्हात पालथं घातलं. तरी पोटातला गोळ्यांचा वास काही गेला नाही.

या बाई भाषा शिकवायच्या. एकदा वर्ग हाती घेतला की त्याच मुलांबरोबर पुढच्या वर्षी वरच्या वर्गात जायच्या. मोठ्या सुट्टीवर त्यांचा फार राग. "दोन महिन्यांत पोरांचे शब्द आटतात," त्या म्हणायच्या. "वर्षभर मी शिकवते आणि परत येतात ती नुसती हातवारे करत."

म्हणून त्यांनी आमच्यासारखे रिकामे डबे जमवले होते. प्रत्येकात साठ चिठ्ठ्या. चिठ्ठीच्या एका बाजूला बाईंच्या वळणदार अक्षरात एक शब्द, दुसरी बाजू कोरी. सुट्टीत रोज एक चिठ्ठी काढायची, तो शब्द घरात कुणाशी तरी बोलताना वापरायचा आणि चिठ्ठी परत डब्यात टाकायची. शाळा उघडली की पहिल्या दिवशी डबा घेऊन फळ्याजवळ उभं राहायचं. बाई डोळे मिटून एक चिठ्ठी काढणार, आणि मुलाने तो शब्द घेऊन सुट्टीत काय केलं ते सगळ्या वर्गाला सांगायचं.

मुलं डबे खुळखुळवत घरी जायची. भीती वाटायची ती आम्हाला. एका वर्षी आमच्यातला एक डबा परत आला तो आतून गंजून. आख्खी सुट्टी तो न्हाणीघराच्या खिडकीत पडून होता. साठ शब्दांचा एकच लगदा झाला होता. बाई त्या मुलावर रागावल्या नाहीत. त्यांनी झाकण लावलं आणि त्याच्याकडे नुसतं बघितलं. मी टेबलावर माझ्या पाळीची वाट बघत होतो. त्या मुलाचा चेहरा मला दिसला. तेव्हापासून सुट्टी जवळ आली की माझं झाकण आपोआप घट्ट होतं.

यंदा मी एका मुलीच्या वाट्याला आलो. दहा वर्षांची, किडकिडीत, सारखी फ्रॉकचा काठ बोटाला गुंडाळणारी. वर्गात सगळे तिला 'तेहे' म्हणायचे. त्याचं असं झालं होतं, की आदल्या वर्षी ती या बाईंच्या वर्गात नवीन आली, तेव्हा तिला डबा वगैरे काही मिळालेला नव्हता. पहिल्याच दिवशी बाईंनी सहज विचारलं, "सुट्टीत काय केलंस गं?" ती उभी राहिली आणि म्हणाली, "मी ते... हे केलं. मग आम्ही ते... हे." पुढे काही येईचना. वर्ग हसला. त्या दिवसापासून ती हजेरीला 'आहे' म्हणायची, तेवढंच. एक वर्ष.

मला तिच्या हातात देताना बाई म्हणाल्या, "चिठ्ठ्या स्वच्छ राहू देत हं. डाग पडलेला मला चालत नाही."

तिने मान हलवली. तिचे हात गार पडले होते. मीही गार होतो.

घरी पोचल्यावर तिने मला उघडलंसुद्धा नाही. पुढच्या खोलीत तिच्या आईचं शिवणकाम चालायचं. एक मशीन, एक कापायचं टेबल, आणि टेबलाखाली कापडाच्या गुंडाळ्या. त्या गुंडाळ्यांच्या मागे तिने मला आत, अगदी भिंतीपर्यंत ढकललं. मी दिसलो नाही तर शाळेचा पहिला दिवसही येणार नाही, असं तिला वाटलं असावं. मी तिला दोष देत नाही. भ्यायलेलं कुणीही असंच करतं.

तिथे अंधार होता. वर मशीन सुरू झालं की माझ्या पोटात साठच्या साठ शब्द थरथरायचे.

चौथ्या दिवशी अस्तराचं कापड शोधताना आईचा हात मला लागला. तिने झाकण उघडलं. एकसारख्या कापलेल्या चिठ्ठ्या, एक बाजू कोरी.

आता हे सांगायला हवं, की आई शिवायला आलेल्या प्रत्येक कपड्याला एक मापाची चिठ्ठी टाचायची. छाती, कंबर, बाही, उंची, सगळं त्या चिठ्ठीवर. त्यासाठी मुलीच्या जुन्या वह्यांचे कागद फाडायची, वेडेवाकडे. मुलगी कधीतरी मदत म्हणून कापूनही द्यायची. आईला वाटलं, शाळेचे जुने कागद वाया जाऊ नयेत म्हणून पोरीने ते नीट कापून आपल्यासाठी ठेवलेत.

"माझी बाय ती," आई स्वतःशीच म्हणाली. माझ्या झाकणावरची धूळ तिने पदराने पुसली आणि मला मशीनशेजारच्या फळीवर ठेवलं. मी ओरडायला हवं होतं. डब्याला ओरडता येत नाही.

त्या दिवशी जेवताना ती मुलीला म्हणाली, "चिठ्ठ्या छान कापल्यास गं. एकीला एक जुळते."

मुलीच्या तोंडात घास होता. "हं," ती म्हणाली. आपण काय ऐकतोय तेच तिला कळलं नव्हतं.

पहिला गेला 'संकोच'. कुणाच्या तरी कोटाच्या बाहीला टाचून गेला. मग 'ओढ' गेली, 'अडगळ' गेली, 'निवांत' गेला. आई टाचणी ओठात धरायची, कोऱ्या बाजूला आकडे लिहायची, टोचायची आणि गठ्ठ्यावर टाकायची. उलटी बाजू तिने कधी वाचली नाही. गिऱ्हाईक यायचं, कपडा घेऊन जायचं, आणि माझा एक शब्द जिना उतरून रस्त्याला लागायचा. रोज सकाळी मशीनचा आवाज सुरू झाला की मला वाटायचं, आज कोण.

रिकाम्या जागेत आई बटणं आणि हूक टाकायची. एकदा मुलगी फळीपाशी आली, तिने मला बघितलं आणि पांढरी पडली. भीत भीत एका बोटाने ढकललं. मी खुळखुळलो. ऐकून तिने सुस्कारा टाकला आणि निघून गेली. मी भरलेला आहे असं तिला वाटलं. इतकं खोटं मी आयुष्यात कधी वाजलो नव्हतो.

शाळा उघडायला सहा दिवस राहिले, तेव्हा तिने झाकण उघडलं. आत बटणं होती, आणि अकरा चिठ्ठ्या.

ती रडली नाही. तिथेच फरशीवर बसली.

"काय गं?" आईने मशीन चालवतच विचारलं.

"आई, यातल्या चिठ्ठ्या?"

"वापरल्या की. तूच ठेवल्या होत्यास ना माझ्यासाठी?"

"त्या शाळेच्या होत्या."

मशीन थांबलं. ते असं मधेच थांबलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"मग कापडाच्या मागे का टाकल्यास?"

मुलगी काठ गुंडाळत राहिली. "भीती वाटली."

"कशाची?"

"त्या... ह्याची."

आई हसली नाही. हातातली टाचणी तिने उशीत खोचली.

"मी शाळेत जाणारच नाही," मुलगी म्हणाली.

"ते नंतर बघू. कपडे माझ्या गिऱ्हाइकांकडे आहेत, समुद्रापार गेलेले नाहीत. चप्पल घाल." आई उठली, अंगावरचे धागे झटकले. "चूक माझी, म्हणून मी बरोबर येते. पण दारात बोलायचं तू. शब्द कुठले होते ते मला कुठे माहीत?"

मला पिशवीत घालून दोघी निघाल्या.

पहिलं दार नर्सबाईंचं. तिसऱ्या मजल्यावर. मुलीने बेल वाजवली आणि लगेच आईच्या मागे झाली. आईने तिला खांद्याला धरून पुढे केलं. पिशवीतसुद्धा मला तिचा श्वास ऐकू येत होता.

"ते... तुमच्या त्या... हे होतं ना..."

नर्सबाईंना घाई नव्हती. त्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

"गणवेशाला," मुलगी म्हणाली. "चिठ्ठी. टाचलेली."

"होती की." त्यांनी खिशातून घडी काढली. 'धीर'. "ही मी परत देणार नाही हं. सुई टोचायच्या आधी लहान पोरांना वाचायला लावते. अक्षरं जुळवेपर्यंत माझी सुई टोचून झालेली असते. तू नवीन लिहून घे."

मग कंडक्टरकाका. त्यांच्या पँटला 'विलंब' गेला होता. "फार कामाचा निघाला," ते म्हणाले. "गाडीला उशीर झाला म्हटलं की लोक अंगावर येतात. विलंब झाला म्हटलं की गप्प बसतात. त्यांना वाटतं वरून काही आदेश आलाय. घे, मला आता पाठ आहे."

सलूनवाल्या काकांनी तर आईलाच धरलं. "वहिनी, माझ्या शर्टाला 'आळस' लावून पाठवलात. आमच्या घरात बारा दिवस तेच चाललंय. शिंपीणबाईंनी बरोबर ओळखलं म्हणते बायको."

आईने तोंडावर हात धरला. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "काका, आळशी माणूस सकाळपासून इतक्या लोकांच्या दाढ्या करेल का?"

"हे जरा घरी येऊन सांग," काका म्हणाले.

खुर्चीतलं गिऱ्हाईक फेसासकट हसलं. मी मात्र पिशवीत सावध झालो. त्या आख्ख्या वाक्यात एकही 'ते' नव्हतं, एकही 'हे' नव्हतं. तिला स्वतःला ते कळलं नव्हतं, आणि मी जीव मुठीत धरून बसलो, की आता कळेल आणि पुन्हा बंद पडेल.

पाच दिवस आम्ही दारं वाजवली. सगळं काही परत आलं नाही. काही चिठ्ठ्या केरात गेल्या होत्या, काही धुण्यात विरघळल्या होत्या. एका आजोबांनी चिठ्ठीची सुरनळी करून कान कोरला होता, ती मुलीने नको म्हटली. चौतीस परत मिळाल्या. उरलेल्यांच्या जागी तिने नवीन चिठ्ठ्या कापल्या आणि दारादारात ऐकलेले शब्द लिहिले.

साठ पुरे झाले. तरी भीती गेली नाही. परत आलेल्या प्रत्येक चिठ्ठीच्या मागे आईचे निळे आकडे होते.

शाळेच्या आदल्या दिवशी दुपारभर ती रबर घेऊन बसली. शाई पुसली जाईना. एक चिठ्ठी फाटायला आली, तेव्हा तिने रबर खाली ठेवलं.

"बाई रागावल्या तर सांग, आईने लिहिलंय," आई म्हणाली.

"त्या रागावत नाहीत. नुसत्या बघतात."

ते बघणं मला माहीत होतं. तिने मला दप्तरात ठेवलं, बाहेर काढलं, झाकण तपासलं, पुन्हा ठेवलं. असं चारदा. बाईंना डाग चालत नाही, आणि माझ्यात तर चौतीस डाग होते.

तुमच्या घरी असा एखादा डबा आला, तर त्याला कापडामागे ढकलू नका. रोज उघडा. आत काही चावणारं नसतं. अंधारात आम्हीही तुमच्याइतकेच भितो. आणि तुमच्या मुलाने एखादी वस्तू कुठे लपवलेली सापडली, तर वापरायच्या आधी तिची दुसरी बाजू बघा, एवढंच मागणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी डोळे मिटून माझ्यातली एक चिठ्ठी काढली. 'चाहूल'. त्यांनी ती उलटी केली, तर मागे लिहिलेलं होतं, छाती बत्तीस, बाही एकवीस. "हे काय गं?" बाईंनी विचारलं. मुलीने फ्रॉकचा काठ सोडला आणि गुंडाळ्यांच्या मागे मला लपवलं तिथपासून सांगायला सुरुवात केली, आणि ती जागेवर जाऊन बसली तेव्हा पहिला तास संपल्याची घंटा कधीच होऊन गेली होती.