डाव्या पायाची चौकशी

टाय लावलेल्या माणसाने ओटीवर गुडघे टेकले, खिशातून छोटी बॅटरी काढली आणि सुभद्राच्या पायाच्या बोटांमध्ये उजेड पाडला.

"मावशी, हा उजवा. डावा दाखवा."

"डावाच आहे."

त्याने दुसराही पाय पाहिला. टाचेला भेगा, नखांत वाडीतली माती, बाकी काही नाही. दोन पाय, दहा बोटं, सगळी जिथल्या तिथे. तो मागे टाचांवर बसला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला. जणू तिने खरा पाय कुठेतरी लपवला होता.

"जखम कुठे गेली?"

"कसली जखम?"

ओटीच्या टोकाला तिचा नवरा हिरामण केळीचे लोंगर रचत होता. त्याचे हात थांबले.

*

जखमेचं नंतर. आधी फोन.

गेल्या दिवाळीनंतर चर्चच्या हॉलमध्ये साखर तपासायचं फुकट शिबिर भरलं होतं. एका औषध कंपनीने भरवलेलं. गिरीज गावातल्या बायका शेवटाला आलेल्या भाजीसारख्या रांगेत कोमेजून उभ्या होत्या. सुभद्राबरोबर शेजारची थेरेसा आली होती, पण बोट पुढे करायची वेळ आली तेव्हा ती सुभद्राची पिशवी घेऊन दाराशी जाऊन उभी राहिली.

"मला काय धाड भरलीय? तू टोचून घे," म्हणाली.

तिला कुणी आग्रह केला नाही. तिचा नवरा सॅन्टन साखरेनेच गेला होता. आधी पाय गेला, मग तो.

सुभद्राची साखर जास्त निघाली. एका मुलीने फॉर्म भरून घेतला. नाव, वय, पत्ता, फोन नंबर. सुभद्राच्या घरात फोन नव्हता, पण म्हणून कुणी जागा कोरी सोडत नाही. जहाजावर असलेल्या थेरेसाच्या रुडॉल्फने आईचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून घरी फोन बसवून दिला होता, आणि तेव्हापासून आळीतल्या सात घरांचा तोच नंबर. शाळेच्या फॉर्मवर, लग्नपत्रिकेवर, बँकेत. नंबर थेरेसाचा, पुढे फक्त पी.पी., म्हणजे शेजाऱ्यांचा, असं लिहायचं. सुभद्राने तोंडपाठ असलेला नंबर सांगून टाकला.

तिसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून हाक आली.

"सुभद्रे, तुझी साखर आली गे."

मग ती येतच राहिली. सुभद्रा अळूची जुडी अर्धी बांधून धावायची, मातीच्या हाताने रिसीव्हर धरायची. पलीकडे अश्लेषा नावाची मुलगी. आवाज माहेरच्या माणसासारखा. गोळी घेतली का, कुठली घेतली, डॉक्टरांना आमच्या गोळीचं नाव सांगा ना मावशी, साखर मोजायचं यंत्र घेतलंत का, भात किती खाता. एकदा ताटावरून उठून जावं लागलं. एकदा गुढीपाडव्याच्या दिवशी, घरात पाहुणे असताना. सुभद्राचं तसं बरं चाललं होतं. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या घेत होती, भात कमी केला होता, पहाटे बावखलाच्या तळ्यापर्यंत जाऊन येत होती. दिवसातला बराच वेळ तिला आजार आठवायचाही नाही. फोन आला की आठवायचा.

"आता नका करू फोन," तिने दोनदा सांगितलं.

"हो मावशी," अश्लेषा म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी फोन.

"माझ्या रुडॉल्फपेक्षा तुझी साखरवाली बरी," थेरेसा म्हणायची. "आठवण तरी काढते."

शेवटी श्रावणात सुभद्राने हात जोडले.

"तूच काहीतरी सांग तिला. सांग, चांदीपला लेकीकडे गेली. सांग, मेली."

"मेली कशी सांगू? उद्या हार घेऊन येतील."

पण त्यानंतर हाक आली नाही. आठवडा झाला, महिना झाला, दोन झाले. सुभद्राला वाटलं, कंटाळले असतील. तिने विचारलं नाही. सुटल्यासारखं झालं होतं, आणि सुटलेलं माणूस मागे वळून बघत नाही.

*

"मावशी, तुम्हीच सांगितलंय सगळं. लिहिलेलं आहे."

टायवाल्याचं नाव विघ्नेश. त्याने बॅगेतून डायरी काढली. फोनवरची मुलगी जे जे लिहून ठेवते ते त्याने उतरवून आणलं होतं. ओटीच्या कठड्याला टेकून तो वाचू लागला. मराठी वाचायची सवय मोडलेली, त्यामुळे शब्द एकेक करून खाली पडत होते.

वीस ऑगस्ट. डाव्या तळव्याला मुंग्या. कापसावर चालल्यासारखं वाटतं म्हणाल्या.

पाच सप्टेंबर. चप्पल वाटेत गळली, घरी पोचेपर्यंत कळलं नाही.

एकोणतीस सप्टेंबर. अंगठ्याखाली फोड. दुखत नाही. दुखत नाही म्हणजे बरंच आहे ना, असं दोनदा विचारलं.

बारा ऑक्टोबर. फोड फुटला. हळद भरतात. डॉक्टरकडे जायला तयार नाहीत.

एकवीस ऑक्टोबर. पेशंट काही बोलल्या नाहीत. फोनही ठेवला नाही. बारा मिनिटं.

"आणि काल म्हणालात, बोट काळं पडलंय," विघ्नेशने डायरी मिटली. "आमचं काम गोळ्या खपवायचं, मावशी. खोटं कशाला बोलू. पण अश्लेषा काल जेवली नाही. म्हणाली, तू त्या साइडला असतोस, पत्ता फॉर्मवर आहे, जाऊन बघ. साहेबांना न विचारता आलोय मी."

हिरामण पुढे आला होता. तो एकदा डायरीकडे बघत होता, एकदा बायकोच्या पायांकडे. छत्तीस वर्षं पाहिलेले पाय.

"सुभद्रे, हे काय आहे?"

 सुभद्राला ओटीवरची लादी अचानक फार गार लागत होती. बारा मिनिटं. फोन कुठल्या खोलीत आहे ते तिला माहीत होतं, त्याच्याखाली क्रोशाचा रुमाल आहे, बाजूला सॅन्टनचा फोटो. बारा मिनिटं तिथे बसून कुणी काय केलं असेल, तेवढं मात्र डोळ्यांसमोर येत नव्हतं.

काल दुपारी ती आणि थेरेसा कुंपणाशी उभ्या राहून बोलल्या होत्या. परवाही. थेरेसाचा चेहरा आठवला. अबोलीचा गजरा आठवला, हसताना तोंडावर धरलेला हात आठवला. पाय आठवेनात. दोन महिन्यांतले पाय कुठेच नव्हते. जास्वंदीचं कुंपण कमरेएवढं होतं, आणि थेरेसा सगळा वेळ त्याच्या पलीकडेच उभी होती.

"मावशी? तुम्ही ठीक आहात ना?"

हे माझे फोन नव्हेत, हे वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. तेवढं बोललं असतं तर ती मोकळी झाली असती. नवऱ्यापुढे खरी ठरली असती आणि कंपनीचं लचांडही कायमचं सुटलं असतं.

"कुठे दाखवायचं म्हणालात?" तिने विचारलं.

विघ्नेशने पायांच्या डॉक्टरांचं नाव कागदावर लिहून दिलं. वसईतच होते. "आजच जा. अकरा वाजता अश्लेषा फोन करेल, वेळ घेऊन ठेवते म्हणालीय." मग तो पुन्हा तिच्या पायांकडे बघत थांबला. काहीतरी त्याच्या लक्षात आलं असावं, किंवा आलं नसावं. त्याने बॅटरी खिशात टाकली आणि स्कूटर चालू केली.

"तुझे पाय तर धड आहेत," हिरामण म्हणाला.

"आहेत. रिक्षा बोलावून आणा."

"कुणासाठी?"

"आणा तर खरी."

*

थेरेसाच्या घरी पुढून गेलं तर ती उठून दार उघडायला येणार. सुभद्रा मागून गेली, विहिरीच्या बाजूने. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. हळद आणि डेटॉल यांच्या वासाखाली आणखी एक वास होता. तिने पदर नाकाला लावला आणि लगेच काढला.

आत फोन वाजला. एकदाच. कुणीतरी त्याच्याशेजारीच बसून होतं.

"हो. सुभद्राच बोलते."

थेरेसाची पाठ दाराकडे होती. डावा पाय स्टुलावर, जुन्या लुगड्याच्या पट्टीत गुंडाळलेला.

"नाही. कुणी नाही आलं."

"कशाला पाठवलं? कुठे पाठवलं? अगे बाई, कशाला पाठवलं?"

 मोकळ्या हाताने ती वायरचे वेटोळे सरळ करत होती.

"नाही, घरात नाही सांगितलं."

"एकटी? एकटी मी दवाखान्यात नाही जायची. तिथे पायरीच चढवत नाही."

"आहे ना. आहे एक शेजारीण. थेरेसा."

बराच वेळ पलीकडची मुलगी बोलत असावी.

"ती येईल गे. बोलावलं तर धावत येईल. पण तिला कशी सांगू? तिचा नवरा ह्याच वाटेने गेला. तिने त्याची पट्टी बदललीय दोन वर्षं. तिला माहीत आहे पुढे काय होतं ते. ती दाखवते हसून, पण फार घाबरट आहे. तिला नको सांगायला."

सुभद्रा चार पावलं चालून गेली. थेरेसाने वळून पाहिलं.  तिने पाय स्टुलावरून खाली घ्यायचा प्रयत्न केला, तो तिला नीट घेता आला नाही.

सुभद्राने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने रिसीव्हर काढून घेतला.

"हॅलो. मी थेरेसा बोलते, शेजारीण. किती वाजता आणू हिला?"